उन्हाळी

(बुलढाणा येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



माझ्यासमोर तांब्या-भांडं ठेवलेलं आहे. त्यातलं पाणी मी अजून प्यायलेले नाही. सकाळी घाटाखालून निघाले तेव्हा एक कप चहा घेतला होता. त्यानंतर मोताळ्याला गाडी थांबली, तिथे उसाचा रस विचारला तर नको म्हणाले. इथे आल्यावर सरबत आलं, तेही नको म्हणाले. बत्तीस वर्षं मी बायकांना सांगत आले, पाणी प्या, पाणी प्या. आणि प्रवासाला निघाले की माझा हात आपोआप पेल्यावरून मागे येतो. मनात एक हिशोब चालू असतो. तो तुम्हा सगळ्याजणींच्या ओळखीचा आहे. आज मी त्या हिशोबाबद्दल बोलणार आहे.

संयोजकांनी फोनवर विषय विचारला, तेव्हा मी सांगितलं, ‘बायकांच्या लघवीचा जंतुसंसर्ग आणि तो टाळायचा कसा.’ पलीकडे जरा शांतता झाली. मग ते म्हणाले, ‘मॅडम, पत्रिकेत कसं छापू?’ पत्रिकेत काय छापलंय ते तुमच्या हातात आहेच: ‘स्त्री आणि आरोग्य : एक चिंतन’. मी चिंतन वगैरे काही करणार नाही.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या बाई मला आठवी ते दहावी गणित शिकवायच्या. साडेदहाला शाळेत येत, साडेपाचला जात. त्या सात तासांत मी त्यांना पाणी पिताना कधी पाहिलं नाही. आम्हाला वाटायचं, बाईंना तहानच लागत नाही. आम्ही त्याचंही कौतुक करायचो! पुढे मी डॉक्टर झाले आणि एकदा त्या माझ्यासमोर पेशंट म्हणून बसल्या. हुडहुडी भरून ताप, कुशीत कळ, उलट्या. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला होता. मी विचारलं, त्रास कधीपासून होतो? म्हणाल्या, ‘नोकरीला लागले तेव्हापासून, अधूनमधून.’ शाळेतल्या बायकांच्या मुतारीला कडी नव्हती. कडी नसण्यावर बाईंनी पाणी न पिण्याचा उपाय शोधला होता आणि तो पस्तीस वर्षं पाळला होता. ही गोष्ट सांगायची परवानगी त्यांनी मला हयात असतानाच दिली होती. ‘सांग, पण माझ्यामागे,’ एवढीच अट घातली होती.

बुलढाण्यात बायकांच्या न बोललेल्या गोष्टी बोलायच्या म्हटल्यावर ताराबाई शिंद्यांना वगळून पुढे जाता येत नाही. १८८२ मध्ये त्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुण्यात छापलं गेलं. लिहिणारी बाई इथली, वऱ्हाडातली. वडील सरकारी कचेरीत कारकुनी करणारे. बाईचा दोष म्हणून जे जे सांगितलं जातं, ते आधी कुणी आणि कशासाठी बाईच्या माथी मारलं, हा त्यांचा सवाल. पुस्तकावर टीकेची झोड उठली आणि जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. मी डॉक्टर आहे, साहित्याची अभ्यासक नाही. पण लघवीची जळजळ घेऊन आलेली बाई जेव्हा मान खाली घालून ‘माझंच काहीतरी चुकलं असेल’ म्हणते, तेव्हा मला ताराबाईंची फार आठवण येते.

आता शब्दाकडे येऊ. मराठीत या दुखण्याला फार जुना शब्द आहे, उन्हाळी. उन्हाळी लागली म्हणजे लघवीला आग होते, थेंब थेंब होते, सारखं जावंसं वाटतं. शब्दातच कारण सांगून टाकलंय: उन्हाने लागते, उष्णतेने होते. त्यावर धण्याचं पाणी, सब्जा, वाळा, सराट्याचा काढा. या घरगुती गोष्टींना मी कधी हसले नाही, कारण त्या सगळ्यांत भांडंभर पाणी पोटात जातंच. पण जंतू मारायचं काम त्या करत नाहीत.

दवाखाना सुरू केल्यावर दोन-तीन वर्षांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. उन्हाळी घेऊन येणाऱ्या बायकांची गर्दी मे महिन्यात व्हायची, ते समजण्यासारखं होतं. पण दुसरी गर्दी व्हायची दिवाळीच्या पुढे-मागे. बाहेर स्वेटर घालायची हवा, आणि बाई म्हणते, ‘लघवीले लय जयते, बाई. उन्हाळी लागली.’ नोव्हेंबरात कसली उन्हाळी?

नोव्हेंबरात आमच्याकडे कापसाची वेचणी असते. मजुरी किलोवर. जितकं वेचाल तितकं. कमरेला झोळी बांधलेली, ती भरत आलेली. ती सोडून, शेताच्या कडेला जाऊन, परत येऊन बांधायची म्हणजे तेवढा कापूस गेला. आणि जायचं तरी कुठे? शेतात मुकादम, मालकाची पोरं, ट्रॅक्टरवाले. वेचणी पुढे सरकते तसं आजूबाजूचं सोयाबीन, ज्वारी निघून गेलेली असते, सगळं रान उघडं. थंडीमुळे तहान तशीही कमी. मी एकीला विचारलं, दिवसभरात पाणी किती पितेस? तिने माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की डॉक्टर असून हिला एवढंही कळत नाही. म्हणाली, ‘पेऊन जाऊ कुठी?’

माझ्या विषयाचं नाव हेच आहे. पत्रिकेवर हे छापायला हवं होतं.

शरीरात काय होतं ते थोडं सांगते. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, पुरुषाचा वीसच्या आसपास. शिवाय बाईच्या मूत्रमार्गाचं तोंड गुदद्वारापासून जवळ. आपल्या आतड्यात ई. कोलाय नावाचे जंतू राहतात. जर्मन बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिश यांनी १८८५ मध्ये त्यांचं वर्णन केलं. आतड्यात असतात तोवर ते आपले भाडेकरू. पण मूत्राशयात शिरले की घर बळकावतात. साध्या मूत्रसंसर्गाच्या दहापैकी सात-आठ वेळा हेच जंतू सापडतात. त्यांच्या अंगावर बारीक केसांसारखे आकडे असतात, त्यांनी ते मूत्राशयाच्या आतल्या पडद्याला चिकटतात. अनुकूल जागा मिळाली तर वीसेक मिनिटांत एकाचे दोन होतात. विहिरीचा उपसा थांबला की पाण्यावर शेवाळ धरतं, तसं आहे हे. मूत्राशयाचा उपसा म्हणजे लघवी. धार जोरात आणि वारंवार गेली तर जे चिकटलेले नाहीत ते वाहून जातात. दिवसभर दोन तांबे पाण्यावर काढले तर उपसाच होत नाही. म्हणून निम्म्याहून जास्त बायकांना आयुष्यात एकदा तरी हे दुखणं होतंच. त्याचा चारित्र्याशी, अस्वच्छतेशी, कुणाच्या नजरेशी काडीचा संबंध नाही. शरीराची रचनाच अशी आहे.

‘पाणी प्या’ हा आजीबाईचा सल्ला म्हणून डॉक्टरही बरीच वर्षं तो सवयीनेच देत होते. त्याची नीट परीक्षा बल्गेरियात झाली आणि २०१८ मध्ये तिचा निकाल प्रसिद्ध झाला. ज्यांना वरचेवर संसर्ग होतो आणि ज्या दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पेय घेतात अशा १४० बायका निवडल्या. निम्म्यांना सांगितलं, रोज आणखी दीड लिटर पाणी प्या. उरलेल्यांना काही बदलू नका म्हणून सांगितलं. वर्षभराने पाहिलं तर पाणी वाढवलेल्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला आणि बाकीच्यांना ३.२ वेळा. म्हणजे जवळजवळ निम्मा. औषध नाही, गोळी नाही. पाणी.

दुसरा अभ्यास त्याहून मला जवळचा, कारण तो आमच्या गणिताच्या बाईंसारख्यांचा आहे. अमेरिकेतल्या १९९७ च्या अभ्यासात शिक्षिकांना विचारलं गेलं की शाळेत असताना तुम्ही काय करता. सुमारे निम्म्याजणी म्हणाल्या, स्वच्छतागृहात जावं लागू नये म्हणून आम्ही मुद्दाम पाणी कमी पितो. या बायकांमध्ये संसर्गाचं प्रमाण दुपटीहून अधिक निघालं. गंमत अशी की दिवसात किती वेळा लघवीला गेलात याचा तसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो मुद्दाम तहान मारण्याशी. आपण ‘लघवी दाबून धरू नका’ असं मुलींना सांगतो, ते चूक नाही. पण मुली लघवी दाबायच्या आधी तहान दाबतात. आपलं लक्ष तिकडे जात नाही.

घाटाखाली राहत असल्याने मला खारपाणपट्ट्याबद्दल बोलावं लागेल. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा, पूर्णेच्या खोऱ्यातली ही गावं. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. ज्याला परवडतं तो जारचं पाणी विकत घेतो आणि विकतचं पाणी घरात कुणाच्या वाट्याला आधी जातं, हे मी सांगायला नको. ‘खाऱ्या पाण्यानेच उन्हाळी लागते’ असं तिथे सर्रास म्हणतात. मला ते सरसकट मान्य नाही. क्षारांचा आणि मूत्रपिंडाच्या आजारांचा प्रश्न त्या पट्ट्यात आहे, गंभीर आहे, पण तो वेगळा. जंतुसंसर्ग जंतूने होतो. खारं पाणी इतकंच करतं की बाईला ते प्यावंसं वाटत नाही, आणि आधीच कमी असलेलं पाणी आणखी कमी होतं. आणि हो, ज्यांचं मूत्रपिंड आधीच दुबळं आहे, ज्यांच्या पायावर सूज येते, हृदयाचं दुखणं आहे, त्यांनी माझं भाषण ऐकून घागर रिकामी करू नये. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून मगच पाणी वाढवावं. बाकीच्यांसाठी सोपी खूण सांगते: लघवीचा रंग लिंबाच्या सरबतासारखा फिका राहिला पाहिजे. चहासारखा झाला तर पाणी कमी पडतंय.

आता ज्या गोष्टी माय लेकीला सांगत नाही त्या सांगते. मागे दाराजवळ बसलेल्या पुरुष मंडळींनी ऐकावं, हे तुमच्यासाठीही आहे.

नवीन लग्न झालेल्या मुलीला महिन्या-दोन महिन्यांत उन्हाळी लागते. सासूला वाटतं, सुनेला माहेरूनच काहीतरी आहे. माहेरचं काही नसतं. संबंधांच्या वेळी जवळपासचे जंतू मूत्रमार्गात ढकलले जातात. नंतर लघवीला जाऊन यावं असं आम्ही सांगतो. खरं सांगायचं तर त्याचा पुरावा भक्कम नाही, पण त्यात तोटाही नाही. तोटा नाही असं मी म्हणते खरं; पण संडास अंगणाच्या पलीकडे, मध्ये सासरे खाटेवर झोपलेले, आणि नवी नवरी रात्री अकराला दार उघडून जाणार? ती नवऱ्याला सांगू शकत नाही आणि नवऱ्याला ते सुचत नाही. त्याने उठून तिच्यासोबत बॅटरी घेऊन जावं. इतकंच करायचंय, पण बत्तीस वर्षांत असे नवरे मला फार भेटले नाहीत.

धुताना हात पुढून मागे न्यावा, मागून पुढे आणू नये. आत साबण, डेटॉल, बाजारातली सुगंधी धुलाई काहीही घालू नये. बाईच्या योनीत चांगले जंतू असतात, ते वाईटांना हुसकून लावतात. डेटॉलला दोन्हींतला फरक कळत नाही. पाळीचा कपडा वापरत असाल तर वापरा, पण तो उन्हात वाळवा, पलंगाखाली नको. लाजेपायी कपड्याला ऊन मिळत नाही आणि दमट कपडा पुन्हा अंगाला लागतो.

पाळी गेलेल्या बायकांचं वेगळं आहे. साठीच्या आजीबाई येतात, वर्षात पाच-सहा वेळा तेच. दर वेळी गोळ्या, दर वेळी नवी. पाळी गेल्यावर शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं, योनीचं अस्तर पातळ होतं, चांगले जंतू निघून जातात. त्यावर योनीत लावायची इस्ट्रोजेनची क्रीम असते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ९३ बायकांवरच्या अभ्यासात क्रीम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला आणि न लावणाऱ्यांना जवळपास सहा वेळा. इतका फरक औषधशास्त्रात क्वचित पाहायला मिळतो. तरी ही क्रीम आपल्या भागात फारशी लिहिली जात नाही. डॉक्टर संकोचतो, आजी संकोचते, आणि सून चिठ्ठी घेऊन दुकानात जायला तयार नसते. डॉक्टरांना विचारून ती जरूर सुरू करा. साखर असलेल्यांनी साखर आटोक्यात ठेवा, तो अर्धा उपाय आहे.

गरोदर बाईला जळजळ नसतानाही लघवीत जंतू असू शकतात आणि ते वेळीच न काढले तर मूत्रपिंडापर्यंत चढतात, दिवस भरायच्या आत बाळंतपण होऊ शकतं. म्हणून गरोदरपणी लघवीची तपासणी लक्षणं नसली तरी करायची. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. तिथे रक्तदाब पाहून घेता, तसं लघवीचंही विचारा. उलट, गरोदर नसलेल्या निरोगी बाईला काहीही त्रास नसताना नुसत्या रिपोर्टात ‘पस सेल’ दिसले म्हणून गोळ्या देणं चूक. आपल्याकडे दोन्ही गोष्टी उलट्या होतात.

गोळ्यांवरून आठवलं. मेडिकलवाल्या दादाकडून ‘लघवीची गोळी द्या’ म्हणून घेतलेल्या दोन गोळ्या, जळजळ थांबली की बंद. उरलेल्या जावेला. त्यातून जे जंतू मरत नाहीत ते शहाणे होतात. एकेकाळी आम्ही डोळे झाकून ज्या गोळ्या लिहायचो, त्यातल्या अनेक आज या जंतूंवर चालत नाहीत. दुखणं पुन्हा पुन्हा होत असेल तर गोळी सुरू करण्याआधी कल्चरसाठी नमुना द्या: स्वच्छ धुऊन, पहिली धार सोडून मधली धार बाटलीत. आणि थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखलं, उलट्या झाल्या, लघवीतून रक्त गेलं, किंवा बाई गरोदर आहे, तर धण्याचं पाणी बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

२०२५ च्या जानेवारीतली गोष्ट. शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस गळायला लागले. मूठभर केस हातात यायचे, काहीच दिवसांत टक्कल. सगळ्या देशाने बुलढाण्याचं नाव ऐकलं. आरोग्य खात्याची पथकं आली, दिल्लीहून शास्त्रज्ञ आले, पाणी तपासलं, माती, गहू, रक्त, केस. यायलाच हवे होते, भीती खरी होती. मी तेव्हा त्याच गावांतल्या बायकांच्या कागदांचा माझा जुना गठ्ठा उघडून बसले होते. त्यातल्या कित्येकींना वर्षानुवर्षं उन्हाळी लागत होती. त्यासाठी पथक कधी आलं नाही. केस गळले तर दिसतात.

पथक येत नाही तिथे बायकाच गेल्या, त्याचंही सांगते. मुंबईत २०११ मध्ये ‘राइट टू पी’ची मोहीम सुरू झाली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईला त्याच कामाचे पैसे का, असा साधा प्रश्न घेऊन कार्यकर्त्या पालिकेच्या दारात उभ्या राहिल्या. पुण्यात विद्या बाळ यांनी सुरू केलेल्या ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकाने उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने राज्यातल्या महानगरपालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं उभारायला सांगितलं. मी तो निकाल वाचून पेढे वाटले होते. नंतर लक्षात आलं, आपल्या जिल्ह्यात महानगरपालिका नाहीच! तेरा तालुके, नगरपालिका, नगरपंचायती आणि बाकी खेडी. कापसाचं शेत तर कुणाच्याच हद्दीत येत नाही.

होत नाही असं मात्र नाही. शेगावला गजानन महाराजांच्या संस्थानात गेलेल्या कुठल्याही बाईला विचारा. लाखांची गर्दी असते आणि तिथल्या स्वच्छतेचं नाव राज्यभर घेतलं जातं. तिथे बाई प्रसाद घेते, पोटभर पाणी पिते. नुसतं देव पाहायला मिळतो म्हणून नव्हे. तिला ठाऊक असतं की जायला जागा आहे. पाण्याची गरज सगळीकडे सारखी असते, हिशोब जागेप्रमाणे बदलतो. सिंदखेडराजाला १२ जानेवारीच्या जिजाऊ जयंतीला, सैलानीच्या यात्रेत, एसटीच्या स्टँडवर बाईच्या हातातली पाण्याची बाटली पाहा. ती किती रिकामी झाली आहे, त्यावरून तिथली व्यवस्था कशी आहे ते कळेल. हा माझा सर्व्हे आहे, याला खर्च येत नाही.

शेतासाठी मोठ्या योजनेची वाट पाहायची गरज नाही. बांधावर चार बल्ल्या आणि जुन्या साड्यांचा आडोसा आमच्याकडच्या एका शेतकऱ्याने गेल्या वेचणीला उभा केला. बायकोने सांगितलं म्हणून केला, असं तो जरा चिडूनच म्हणाला. त्याच्याकडे यंदा मजूर बायका आधी येतात. शेजारचे लोक म्हणतात तो भाव जास्त देतो. भाव तोच आहे.

प्रश्न विचारायला तुम्हाला संकोच वाटेल म्हणून संयोजकांना मी कागदाच्या चिठ्ठ्या आणि एक स्टीलचा डबा फिरवायला सांगितलाय. चिठ्ठीवर नाव नको, गाव नको. आणि एक. मी आले तेव्हा इथल्या स्त्रियांच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं. किल्ली कुणाकडे आहे हे तिघांना विचारावं लागलं. ती मी मागून घेतली आहे. ही बघा, तांब्याजवळ ठेवते. बाहेर पडल्यावर डाव्या हाताचं दुसरं दार. ज्यांना जायचंय त्यांनी आत्ताच जाऊन या, तोवर मी हे पाणी पिते.